वृत्तपत्रांची पानं कमी झाली, तरी गारफिल्ड नावाचा बोका टिकला कसा?

फ्रान्सच्या वायव्येला ब्रिटनी नावाचा प्रदेश आहे. तिथल्या समुद्रकिनाऱ्यावर १९८०च्या दशकापासून एक विचित्र प्रकार सुरू होता. लाटांबरोबर नारंगी रंगाच्या टेलिफोनचे तुकडे वाहून यायचे. कधी रिसीव्हर, कधी वायर, तर कधी नुसता एक पंजा. हे टेलिफोन पोटावर पसरलेल्या एका जाड्या बोक्याच्या आकाराचे होते.

किनारा साफ करणारे स्वयंसेवक वर्षानुवर्षं हे तुकडे गोळा करत राहिले, पण ते येतात कुठून हे कुणालाच सांगता येत नव्हतं. शेवटी २०१९ मध्ये एका स्थानिक शेतकऱ्याने जुन्या वादळाची आठवण सांगितली आणि भरतीच्या वेळी पाण्याखाली जाणाऱ्या एका गुहेत अडकलेल्या कंटेनरचे अवशेष सापडले. जहाजावरून पडलेल्या त्या कंटेनरमधून इतकी वर्षं बोके बाहेर पडत होते.

या बोक्याचं नाव गारफिल्ड. जन्म अमेरिकेतल्या वृत्तपत्राच्या पानावर, तीन छोट्या चौकटींमध्ये. तिथून तो फ्रान्सच्या गुहेपर्यंत पोहोचला, यातच त्याच्या यशाचं सूत्र आहे. तो नुसतं वाचायचं चित्र कधीच नव्हता. टेलिफोन, मग, टी-शर्ट, पुस्तक, सिनेमा असं काहीही होऊ शकेल असं ते पात्र होतं.

आज अमेरिकेतली वृत्तपत्रं झपाट्याने आक्रसत आहेत आणि त्यांच्यातलं कॉमिक्सचं पानही लहान होतंय. गारफिल्ड मात्र शाबूत आहे. असं का झालं? आणि जो रस्ता धरून गारफिल्ड मोठा झाला, तो रस्ता आज एखाद्या नव्या चित्रकारासाठी उरलाय का? समजून घेऊया.

गारफिल्ड आहे तरी कोण?

लठ्ठ, आळशी, नारंगी बोका. त्याला लझान्या हा इटालियन पदार्थ प्रचंड आवडतो आणि सोमवार अजिबात आवडत नाही. मालकाचं नाव जॉन आर्बकल. जॉन स्वतः व्यंगचित्रकार आहे, साधा आहे आणि बराचसा एकटा आहे. घरात ओडी नावाचा भोळा कुत्राही आहे. गारफिल्ड त्याला टेबलावरून ढकलून देतो, जॉनचं जेवण पळवतो आणि उरलेल्या वेळात झोपतो.

गोष्ट एवढीच. दररोज तीन चौकटी, शेवटच्या चौकटीत एक टोमणा. १९ जून १९७८ रोजी ही कॉमिक स्ट्रिप अमेरिकेतल्या ४१ वृत्तपत्रांमध्ये सुरू झाली. पुढे ती इतकी पसरली की २००२ मध्ये गिनेस बुकने तिची जगात सर्वाधिक वृत्तपत्रांत छापली जाणारी कॉमिक स्ट्रिप म्हणून नोंद केली. तेव्हा २,५७० वृत्तपत्रं ती छापत होती.

आपल्याकडे अनेकांची गारफिल्डशी ओळख वृत्तपत्रापेक्षा टीव्हीवरच्या कार्टूनमधून किंवा २००४च्या सिनेमातून झाली. त्यामुळे हा बोका मुळात वृत्तपत्रातला आहे, हेच कित्येकांना माहीत नसतं.

आधी होता एक किडा

गारफिल्डचे निर्माते जिम डेव्हिस यांचा जन्म १९४५ सालचा, अमेरिकेच्या इंडियाना राज्यातला. लहानपण शेतावर गेलं. त्या शेतावर पंचवीसेक मांजरं होती. डेव्हिस यांना लहानपणी दम्याचा त्रास होता, त्यामुळे बराच वेळ घरात, अंथरुणात जायचा. वेळ घालवायला हातात कागद आणि पेन्सिल आली.

१९६९ मध्ये ते टॉम रायन या व्यंगचित्रकाराचे सहायक झाले. रायन ‘टम्बलवीड्स’ नावाची कॉमिक स्ट्रिप काढायचे. तिथे डेव्हिस यांना या धंद्याचं रोजचं वेळापत्रक कळलं. मग त्यांनी स्वतःचं पात्र तयार केलं. ते बोका नव्हतं. ते होतं नॉर्म नावाचं चिलट.

हे चिलट ‘पेंडलटन टाइम्स’ या इंडियानातल्या छोट्या स्थानिक वृत्तपत्रात काही वर्षं छापून आलं. मोठ्या वितरक संस्थांनी मात्र नकार दिला. डेव्हिस अनेकदा सांगतात, की एका संपादकाने त्यांना स्पष्ट ऐकवलं: चित्रं चांगली आहेत, विनोदही चांगले आहेत, पण किड्याशी वाचकाचं नातं जुळणार कसं?

डेव्हिस यांनी हा सल्ला मनावर घेतला. तेव्हा वृत्तपत्रांतल्या कॉमिक्समध्ये कुत्रे भरपूर होते. ‘पीनट्स’मधला स्नूपी तर घराघरात पोहोचला होता. मांजर मात्र कमी दिसायचं. मांजर पाळणारे लाखो लोक होते आणि त्यांच्यासाठी वृत्तपत्रात फारसं काही नव्हतं. ही मोकळी जागा डेव्हिस यांनी हेरली.

१९७६ मध्ये त्याच ‘पेंडलटन टाइम्स’मध्ये ‘जॉन’ नावाची स्ट्रिप सुरू झाली. नावावरून कळतंच की नायक जॉन होता आणि बोका दुय्यम. पण हशा बोकाच घेऊन जायचा. दोन वर्षांनी राष्ट्रीय पातळीवर जाताना शीर्षकात बोक्याचं नाव आलं. हे नाव डेव्हिस यांच्या आजोबांचं. त्यांचं पूर्ण नाव जेम्स गारफिल्ड डेव्हिस.

स्थानिक वृत्तपत्रातली ही वर्षं लक्षात ठेवा. शेवटी आपल्याला तिथेच परत यायचं आहे.

एकच स्ट्रिप अडीच हजार वृत्तपत्रांत कशी छापून येते?

यासाठी अमेरिकेतली ‘सिंडिकेट’ ही व्यवस्था समजून घ्यायला हवी. आपल्याकडे साधारणपणे चित्रकार एखाद्या दैनिकासाठी काम करतो. अमेरिकेत चित्रकार सिंडिकेट नावाच्या वितरक संस्थेशी करार करतो. ती संस्था तीच स्ट्रिप देशभरातल्या आणि परदेशातल्या वृत्तपत्रांना विकते. प्रत्येक वृत्तपत्र आपल्या खपानुसार पैसे मोजतं. छोट्या दैनिकाला थोडे, मोठ्याला जास्त. येणाऱ्या पैशांची वाटणी चित्रकार आणि सिंडिकेट यांच्यात होते.

‘गारफिल्ड’चं वितरण सुरुवातीला युनायटेड फीचर सिंडिकेटकडे होतं. ‘पीनट्स’ही त्यांच्याकडेच होती.

या व्यवस्थेत खरी सत्ता संपादकाच्या हातात असायची. पान ठरलेलं, जागा ठरलेली. नवी स्ट्रिप घ्यायची तर जुनी काढावी लागणार. पण संपादकावर वाचकाचाही धाक होता. ‘शिकागो सन-टाइम्स’ने सुरुवातीच्या काही महिन्यांतच ‘गारफिल्ड’ बंद केली, तेव्हा तेराशेहून अधिक वाचकांनी तक्रारी केल्या. वृत्तपत्राला बोका परत आणावा लागला. ही बातमी इतर संपादकांपर्यंत पोहोचली आणि स्ट्रिपची मागणी वाढली.

अमेरिकी वृत्तपत्रांनी कॉमिक्सची ही ताकद फार आधी ओळखली होती. १८९०च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये जोसेफ पुलित्झर आणि विल्यम रँडॉल्फ हर्स्ट यांच्यात खपाची लढाई पेटली होती. तेव्हा ‘यलो किड’ या पिवळ्या झग्यातल्या पोराचं पात्र दोन्ही वृत्तपत्रांना हवं होतं. लोक बातम्यांसाठी वृत्तपत्र घेत, तसेच कॉमिक्ससाठीही घेत.

ठरवून घडवलेला बोका

डेव्हिस यांनी एक गोष्ट कधी लपवली नाही. लोकांना आवडेल आणि बाजारात चालेल असं पात्र त्यांना हवं होतं. १९८०च्या दशकातच त्यांनी मुलाखतींमध्ये हे मोकळेपणाने सांगितलं होतं.

‘गारफिल्ड’ काळजीपूर्वक पाहिलं तर हा विचार प्रत्येक चौकटीत दिसतो.

पहिली गोष्ट म्हणजे राजकारण नाही. कुठल्याही पक्षाचा, नेत्याचा किंवा सामाजिक वादाचा उल्लेख नाही. त्यामुळे कुठल्याच गावातला वाचक दुखावत नाही आणि कुठल्याच संपादकाला फोन येत नाहीत.

दुसरी गोष्ट म्हणजे विषय. खाणं, झोप, वजन, कंटाळा, सोमवारची सकाळ. हे सगळं अमेरिकेत जितकं समजतं तितकंच जपानमध्ये किंवा ब्राझीलमध्येही समजतं. शब्दांच्या कोट्या कमी असल्यामुळे भाषांतर सोपं जातं.

तिसरी गोष्ट म्हणजे काळाचा संदर्भ फारसा नाही. १९९० मधली बहुतेक स्ट्रिप आज छापली तरी ती जुनी आहे हे पटकन कळणार नाही.

चौथी गोष्ट चित्रातली. १९७८चा गारफिल्ड आजच्यासारखा नव्हता. गाल लोंबणारे, डोळे बारीक, शरीर पसरट, चाल चार पायांची. काही वर्षांत डोळे मोठे झाले, पाय लांबले आणि तो दोन पायांवर उभा राहिला. दोन पायांवर उभा राहणारा बोका नाचू शकतो, टेनिसची रॅकेट धरू शकतो आणि जाहिरातीतही शोभतो.

इतक्या नियोजनाचा एक तोटाही आहे. स्ट्रिप बरीच आगाऊ तयार होते. ११ नोव्हेंबर २०१० रोजी छापलेल्या एका स्ट्रिपमध्ये एक कोळी गारफिल्डला म्हणतो की मला चिरडलंस तर माझ्या सन्मानार्थ एक दिवस पाळला जाईल. शेवटच्या चौकटीत त्या दिवसाची मूर्खांचा दिवस म्हणून खिल्ली उडवलेली होती. नेमका तोच अमेरिकेत माजी सैनिकांच्या सन्मानाचा दिवस निघाला. वाचक संतापले. डेव्हिस यांनी जाहीर माफी मागितली आणि सांगितलं की ही स्ट्रिप जवळपास वर्षभर आधी तयार झाली होती, ती कोणत्या दिवशी येणार याची कल्पना नव्हती.

खरा पैसा कुठून आला?

१९८० मध्ये ‘गारफिल्ड’चं पहिलं पुस्तक आलं. वृत्तपत्रातल्या स्ट्रिपचा आकार आडवा असतो, म्हणून पुस्तकही आडवंच काढलं. ते तुफान चाललं. १९८२ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या सर्वाधिक खपाच्या यादीत एकाच वेळी ‘गारफिल्ड’ची सात पुस्तकं होती.

त्याच्या आधीच, १९८१ मध्ये, डेव्हिस यांनी ‘पॉज’ नावाची कंपनी काढली होती. तिचं काम होतं बोक्याची चित्रं वस्तूंवर छापायचे परवाने सांभाळणं. इंडियानाच्या ग्रामीण भागातल्या या स्टुडिओत चित्रकार, लेखक आणि व्यावसायिक बाजू बघणारी माणसं एकाच छताखाली बसायची. डेव्हिस कल्पना आणि कच्चं रेखाटन बघायचे, पुढचं काम सहायक करायचे.

मग आली वस्तूंची लाट. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात गाडीच्या काचेला चिकटणारा गारफिल्ड अमेरिकेच्या रस्त्यांवर जिकडेतिकडे दिसू लागला. टीव्हीवर विशेष कार्यक्रम आले आणि १९८८ पासून ‘गारफिल्ड अँड फ्रेंड्स’ ही मालिका सुरू झाली. ब्रिटनीच्या किनाऱ्यावरचे टेलिफोन याच काळातले. २०००च्या दशकाच्या सुरुवातीला गारफिल्डच्या वस्तूंची वर्षाची विक्री ७५ कोटी ते १०० कोटी डॉलरच्या घरात असल्याचे अंदाज अमेरिकी माध्यमांत छापून येत होते. वृत्तपत्रांकडून मिळणारं मानधन त्यापुढे किरकोळ होतं.

इथे एक महत्त्वाचं वळण आहे. त्या काळातल्या करारांमध्ये पात्राचे हक्क बहुतेक वेळा सिंडिकेटकडे असायचे. चित्रकार पात्र घडवायचा, मालक मात्र दुसराच. सुपरमॅनच्या निर्मात्यांनी १९३८ मध्ये त्याचे हक्क १३० डॉलरला विकले होते आणि पुढे आयुष्यभर ते कोर्टकचेऱ्यांत अडकले. अमेरिकी कॉमिक्समध्ये ही गोष्ट प्रत्येक नव्या चित्रकाराला सांगितली जाते.

डेव्हिस यांनी १९९४ मध्ये युनायटेड फीचर सिंडिकेटकडून ‘गारफिल्ड’चे हक्क विकत घेतले. वृत्तपत्रांना पुरवण्याचं काम युनिव्हर्सल प्रेस सिंडिकेटकडे गेलं, पण मालकी ‘पॉज’कडे आली. म्हणजे वृत्तपत्रांचा सुवर्णकाळ संपायच्या आधीच बोका वृत्तपत्रांच्या व्यवस्थेतून स्वतंत्र झाला होता.

मग टीका कशाची होते?

‘गारफिल्ड’वर गेली अनेक वर्षं एकच आक्षेप आहे: यात कला कमी आणि धंदा जास्त. तेच तेच विनोद, तीच टेबलाची कडा, तोच सोमवार.

या आक्षेपाच्या दुसऱ्या टोकाला नेहमी ‘कॅल्व्हिन अँड हॉब्ज’चं उदाहरण दिलं जातं. बिल वॉटरसन यांची ही स्ट्रिप १९८५ मध्ये सुरू झाली. तिचीही बाहुली, मग, टी-शर्ट यांच्यासाठी प्रचंड मागणी होती. वॉटरसन यांनी नकार दिला. त्यासाठी ते आपल्याच सिंडिकेटशी भांडले आणि जिंकले. पात्र दुकानात विकायला ठेवलं की स्ट्रिपमधला जीव जातो, असं त्यांचं म्हणणं होतं. ३१ डिसेंबर १९९५ रोजी, यशाच्या शिखरावर असताना, त्यांनी स्ट्रिप थांबवली.

वॉटरसन थोर आणि डेव्हिस व्यापारी, असा निवाडा करणं सोपं आहे. पण दोघांच्या निर्णयामागे एकच प्रश्न होता: हे पात्र नक्की कुणाचं? दोघांनीही उत्तर एकच दिलं, की ज्याने घडवलं त्याचं. एकाने त्या अधिकाराचा वापर दार बंद करण्यासाठी केला, दुसऱ्याने उघडण्यासाठी.

शिवाय डेव्हिस यांना वेगळं काही जमत नव्हतं असंही नाही. १९८९ मध्ये हॅलोवीनच्या सुमारास आलेले काही सलग भाग आजही चर्चेत असतात. त्यात गारफिल्ड जागा होतो तेव्हा घर ओसाड असतं, जॉन आणि ओडी कुठेच नसतात. विनोद जवळजवळ नाहीच, आहे ती फक्त एकटेपणाची भीती. त्या आठवड्यानंतर बोका पुन्हा लझान्याकडे वळला.

इंटरनेटने बोक्याचं काय केलं?

इंटरनेटवर लोकांना ‘गारफिल्ड’ मोडून-तोडून पाहायला फार आवडतं. यातला सगळ्यात गाजलेला प्रयोग म्हणजे ‘गारफिल्ड मायनस गारफिल्ड’. डॅन वॉल्श यांनी २००८ मध्ये तो लोकांसमोर आणला. कल्पना साधी होती: स्ट्रिपमधून बोक्याला पुसून टाकायचं. मग उरतो जॉन, रिकाम्या खोलीत स्वतःशीच बोलणारा. अचानक ती स्ट्रिप एका उदास माणसाची गोष्ट होते.

पात्राचा मालक इथे नोटीस पाठवेल, अशी कुणाचीही अपेक्षा असते. डेव्हिस यांनी उलट केलं. त्यांनी प्रयोगाचं कौतुक केलं आणि त्याचं अधिकृत पुस्तकही निघू दिलं.

२०१७ मध्ये आणखी एक गंमत झाली. डेव्हिस यांच्या एका जुन्या मुलाखतीतल्या वाक्याचा आधार घेऊन विकिपीडियावर कुणीतरी गारफिल्डचं लिंगच बदललं. मग संपादकांमध्ये सुमारे ६० तास बदला-परत बदलाचा खेळ रंगला आणि पान काही काळ कुलूपबंद करावं लागलं. शेवटी डेव्हिस यांनीच गारफिल्ड नर असल्याचं स्पष्ट केलं. मराठीत हा वाद तसा लवकर मिटला असता. आपल्याकडे ‘मांजर’ म्हटलं की प्रश्न मोकळा राहतो आणि ‘बोका’ म्हटलं की संपतो.

गंमत बाजूला ठेवली तरी या दोन्ही घटनांमधून एक गोष्ट दिसते. तोपर्यंत बोक्याभोवतीची चर्चा वृत्तपत्राच्या पानावरून कधीच दुसरीकडे गेली होती. मीम बनवणाऱ्या पिढीतल्या अनेकांनी छापील ‘गारफिल्ड’ कधी हातातही घेतलेलं नाही.

आता वृत्तपत्रांमध्ये काय चाललंय?

गेल्या काही वर्षांतल्या घडामोडी एकत्र ठेवल्या की चित्र स्पष्ट होतं.

सप्टेंबर २०२२ मध्ये ली एंटरप्रायझेस या मोठ्या वृत्तपत्र कंपनीने आपल्या दैनिकांतलं कॉमिक्सचं पान लहान केलं आणि सगळीकडे जवळपास एकसारखं केलं. त्या एका निर्णयात ‘डिल्बर्ट’ ही गाजलेली स्ट्रिप ७७ वृत्तपत्रांतून गेली. पुढच्या वर्षी ‘डिल्बर्ट’चे निर्माते स्कॉट अ‍ॅडम्स यांच्या वर्णद्वेषी वक्तव्यानंतर उरलेल्या वृत्तपत्रांनीही ती बंद केली आणि वितरकाने संबंध तोडले.

२०२३ च्या अखेरीस अमेरिकेतली सर्वात मोठी वृत्तपत्र साखळी असलेल्या गॅनेटने हाच मार्ग धरला. तिच्या दोनशेहून अधिक दैनिकांना ३४ स्ट्रिपची एक यादी देण्यात आली. निवड त्यातूनच करायची. ‘गारफिल्ड’ आणि ‘पीनट्स’सारखी जुनी, सुरक्षित नावं यादीत होती. स्त्री चित्रकारांचं काम मात्र मोजकंच होतं, आणि त्यावर टीकाही झाली.

या यादीत आणखी एक गोष्ट आहे. ‘पीनट्स’चे निर्माते चार्ल्स शुल्झ फेब्रुवारी २००० मध्ये वारले. तेव्हापासून वृत्तपत्रं त्यांचे जुने भागच पुन्हा छापतात. ‘फॉर बेटर ऑर फॉर वर्स’ ही स्ट्रिपही २००८ पासून मागच्या भागांवर चालते. १९३० मध्ये सुरू झालेली ‘ब्लाँडी’ मूळ चित्रकाराच्या मुलाने पुढे नेली. म्हणजे पान आधीच लहान झालंय, आणि जे उरलंय त्यातली बरीचशी जागा मागच्या पिढ्यांनी धरून ठेवली आहे.

दुसरीकडे छापील वृत्तपत्रंच बंद होत आहेत. न्यू जर्सीतल्या ‘द स्टार-लेजर’ने फेब्रुवारी २०२५ मध्ये छपाई थांबवली. त्याच वर्षी ‘अटलांटा जर्नल-कॉन्स्टिट्यूशन’ने वर्षअखेरीस छापील अंक बंद करत असल्याचं जाहीर केलं.

यात वाचकाचाही एक अधिकार गेला. १९७८ मध्ये शिकागोतल्या वाचकांनी फोन आणि पत्रं धाडून आपल्या संपादकाला निर्णय बदलायला लावला. आज निर्णय गावातला संपादक घेत नाही. तो दूरच्या मुख्यालयात, शेकडो वृत्तपत्रांसाठी एकदम होतो. वाचकाने फोन करायचा तरी कुणाला?

मग गारफिल्डला फटका का बसत नाही?

कारण त्याचं घर केव्हाच बदललं आहे.

ऑगस्ट २०१९ मध्ये व्हायाकॉम या माध्यम कंपनीने ‘पॉज’ विकत घेत असल्याचं जाहीर केलं. बोका निकलोडियन या मुलांच्या वाहिनीच्या कुटुंबात गेला. रोजची स्ट्रिप डेव्हिस यांच्याकडेच राहील असं ठरलं. पुढे व्हायाकॉम आणि सीबीएस एकत्र आले, कंपनीचं नाव पॅरामाउंट झालं आणि ऑगस्ट २०२५ मध्ये स्कायडान्सबरोबरचं विलीनीकरण पूर्ण झालं. सहा वर्षांत बोका न हलता एवढे मालक बदलले.

२०२४ मध्ये ‘द गारफिल्ड मूव्ही’ आला. या सिनेमाचा मुंबईशी थेट संबंध आहे. त्याचं अ‍ॅनिमेशन डीएनईजीने केलं. ही लंडनची कंपनी २०१४ पासून मुंबईत सुरू झालेल्या प्राइम फोकसशी जोडलेली आहे. प्राइम फोकसचे संस्थापक नमित मल्होत्रा या सिनेमाच्या निर्मात्यांपैकी एक आहेत. सुमारे ६ कोटी डॉलर खर्चून केलेल्या सिनेमाने जगभरात २५ कोटी डॉलरहून अधिक कमाई केली.

म्हणजे उद्या शेवटचं छापील वृत्तपत्र बंद झालं, तरी गारफिल्डच्या मालकाच्या ताळेबंदात मोठा खड्डा पडणार नाही. वृत्तपत्राने त्याला ओळख दिली, सवय दिली. रोज सकाळी चहाबरोबर तीच तीन माणसं-जनावरं भेटत राहिली की ती घरातली होतात. त्या सवयीवर पुढचा डोलारा उभा राहिला.

पुढचा गारफिल्ड कुठून येणार?

ही सवय मराठी वाचकाला नवी नाही. १९९१ मध्ये ‘सकाळ’मध्ये ‘चिंटू’ सुरू झाला. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा हा खोडकर मुलगा, त्याचे मित्र पप्पू, मिनी, बगळ्या आणि राजू अनेक घरांत पहिल्या पानाच्या बातमीआधी वाचले जायचे. पुढे पुस्तकं आली, २०१२ मध्ये श्रीरंग गोडबोले यांचा सिनेमा आला आणि २०१३ मध्ये दुसरा भागही. आकडे गारफिल्डच्या जवळपासही नाहीत, पण क्रम तोच आहे: आधी दैनिकातली रोजची भेट, मग बाकी सगळं.

आज ज्याला असं पात्र घडवायचं आहे, तो कुठे जाणार? अर्थातच मोबाइलवर. इन्स्टाग्रामवर कॉमिक्स काढणारे असंख्य चित्रकार आहेत. उभं स्क्रोल करत वाचायची कॉमिक्स देणारी वेबटून ही कंपनी तर जून २०२४ मध्ये अमेरिकी शेअर बाजारात उतरली. कुणाच्याही परवानगीशिवाय लोकांपर्यंत पोहोचता येतं, हा मोठा फायदा आहे. संपादकाच्या टेबलावर ज्यांची चित्रं कधीच गेली नसती, अशा अनेकांना वाचक मिळाले आहेत.

पण तोटाही तेवढाच खरा आहे. वृत्तपत्र आजोबा आणि नात दोघंही उघडायचे. मोबाइलवर प्रत्येकाचं पान वेगळं. आज दिसलेलं पात्र उद्या दिसेल याची खात्री नाही, ते अल्गोरिदम ठरवणार. आणि महिन्याच्या शेवटी ठरलेलं मानधन देणारं कुणी असेलच असंही नाही.

आता ‘पेंडलटन टाइम्स’कडे परत जाऊ. जिम डेव्हिस यांचं पहिलं पात्र मोठ्या बाजारात अपयशी ठरलं. पण ते अपयश पचवायला त्यांना एक छोटं वृत्तपत्र मिळालं. तिथे ते दर आठवड्याला चुकले, सुधारले, मग ‘जॉन’ केली आणि कोपऱ्यातला बोका जास्त हसवतोय हे त्यांना कळलं. काही वर्षांपूर्वी चाहत्यांनी ‘जॉन’चे हे जुने अंक शोधून काढले, तेव्हा पुढे गाजलेल्या गारफिल्डचे काही विनोद तिथे आधीच करून पाहिलेले दिसले.

गारफिल्डचं श्रेय आपण हुशार मार्केटिंगला देतो आणि ते बरोबरच आहे. पण मार्केटिंगच्या आधी एक कच्चा चित्रकार होता आणि त्याच्या कच्च्या कामाला जागा देणारं गावचं वृत्तपत्र होतं. अमेरिकेत बंद पडणाऱ्या वृत्तपत्रांमध्ये सर्वाधिक संख्या अशाच छोट्या स्थानिक वृत्तपत्रांची आहे.

जुलै २०२५ मध्ये डेव्हिस यांनी वयाची ८० वर्षं पूर्ण केली. त्यांचा बोका त्यांच्यानंतरही चालत राहील, तशी सोय त्यांनी करून ठेवली आहे. पण कुठल्यातरी लहान गावात आज एखादी पंचविशीतली मुलगी न चालणारं चिलट काढत बसली असेल, तर तिला चार वर्षं चुकू देणारं वृत्तपत्र तिच्या गावात बहुधा उरलेलं नाही. पुढचा गारफिल्ड तिच्याच वहीत असू शकतो, आणि तो वहीतच राहूही शकतो.